सावदा-रावेरची केळी रेल्वेनं पाठवावी का? भुसावळ विभागातल्या शेतमाल वाहतुकीचा आढावा

आधी निकाल सांगून टाकतो. रावेर, निंभोरा, सावदा या पट्ट्यात एका दिवसात वीसेक पार्सल व्हॅन (रेल्वेचे मालाचे बंद डबे) भरतील एवढी कटाई होत असेल, माल कॅरेटमध्ये असेल आणि दिल्लीत उतरवून घेणारा माणूस आपला असेल, तर केळीसाठी रेल्वे ट्रकपेक्षा सरस आहे. यातली एक जरी अट सुटली तरी ट्रक बरा. मक्यासाठीही रेल्वे चांगली, पण तिथं एकट्या शेतकऱ्याचं काम नाही, व्यापारी किंवा मोठी शेतकरी उत्पादक कंपनीच लागते. दोन-चार टन माल असेल तर प्रवासी गाडीतली पार्सल जागा हाच रेल्वेचा मार्ग उरतो, आणि त्यासाठी बहुतेक वेळा भुसावळ किंवा जळगाव गाठावं लागतं.

रेल्वेबद्दल आपल्याकडे ऐकू येणारी मुख्य तक्रार म्हणजे गाडी रखडते आणि माल नासतो. रखडते हे खरं. पण केळीचं खरं नुकसान चढवताना आणि उतरवताना होतं, आणि ते दिसतं तिसऱ्या-चौथ्या दिवशी, रायपनिंग चेंबर (केळी पिकवायची बंद खोली) उघडल्यावर. हिरव्या सालीवरचा दाब डोळ्यांना कळत नाही. फळ पिवळं झालं की तिथंच काळा डाग उमटतो. तोवर माल ठीक मिळाल्याची सही होऊन गेलेली असते. मग दिल्लीचा व्यापारी भाव कापतो, इथला व्यापारी ती कपात शेतकऱ्याच्या पट्टीत उतरवतो आणि दोष रेल्वेच्या वेगाला दिला जातो. या सेवेची परीक्षा करायची तर वेळापत्रकाआधी फलाट बघावा लागतो.

पार्सल व्हॅनचं गणित

उच्च क्षमतेची पार्सल व्हॅन २३ टनांची असते. २० किलोची रास (घडाचं सरासरी वजन) धरली तर ११५० घड. सहा बाय पाच फुटांवर लावलेल्या बागेत एकरी साधारण १४५० झाडं बसतात, म्हणजे कागदावर एका व्हॅनला एक एकर बाग पुरून उरते. प्रत्यक्षात कुठलीच बाग एका दिवसात कापून होत नाही. टिश्यू कल्चरच्या नवतीत, म्हणजे नव्या लागवडीतसुद्धा घड मागेपुढे तयार होतात, पिलांवर धरलेल्या पिलबागेत तर फारच. कटाई आठवड्यांवर पसरते. त्यामुळे एक व्हॅन भरायला चार-पाच बागांतला एकसारखा माल लागतो, आणि वीस व्हॅनच्या गाडीला ४६० टन, म्हणजे २३ हजार घड, एका दिवसात स्टेशनवर यावे लागतात. हे एकट्यादुकट्याच्या आवाक्यातलं नाही. म्हणूनच या भागात केळीची रेल्वे वाहतूक फ्रूट सेल सोसायट्या आणि व्यापारी गटांच्या जोरावर उभी राहिली. ज्या गावात गट मोडले, तिथं ट्रक शिरले.

भाडं व्हॅनच्या पूर्ण क्षमतेवर लागतं, भरलेल्या मालावर नाही. कॅरेटची रचना नीट झाली नाही, दाराजवळची जागा सुटली आणि व्हॅनमध्ये १८ टनच बसले, तर क्विंटलमागचं भाडं सरळ २८ टक्क्यांनी वाढतं. कॅरेटचं स्वतःचं वजनही धरावं लागतं. मालासकट २० किलोचं कॅरेट म्हटलं आणि रिकामं कॅरेट पावणेदोन-दोन किलोचं, तर २३ टनांच्या व्हॅनमध्ये दोन टन प्लास्टिकच दिल्लीला जातं. शिवाय रिकामी कॅरेट परत आणण्याचा खर्च वेगळा, आणि हरवतात ती वेगळीच. हिशेब मांडताना हा आकडा बहुतेक जण विसरतात आणि मग 'रेल्वे स्वस्त म्हणतात, आम्हाला तर पडली नाही' असं म्हणतात.

तरी कॅरेटच वापरावं. घड सुटे भरले तर तळाच्या थरावर वरच्या सगळ्या थरांचं ओझं येतं. मध्ये वाळलेल्या पानांचा पाला कितीही घातला तरी गाडीच्या हिसक्यांनी तो दबून जातो. एक अपवाद आहे: छठपूजेच्या दिवसांत उत्तर प्रदेश आणि बिहारकडे अख्ख्या घडाला मागणी असते. तिथं फण्या कापून पाठवलेला माल चालत नाही. त्या मालासाठी चारपेक्षा जास्त थर लावू नयेत, दोन थरांत पाला दुप्पट घालावा आणि व्हॅन वजनानं पूर्ण भरण्याचा हट्ट सोडावा. सणाच्या भावात ती तूट निघून येते.

भरताना काय बिघडतं

कटाईपासून सुरुवात होते. लांबच्या पल्ल्याला पाऊण ते ८० टक्के पक्वतेचा घड कापतात. बोटांच्या कडा थोड्या गोल होऊ लागलेल्या असतात, पण पूर्ण भरलेल्या नसतात. वजनाच्या लोभानं घड आणखी आठ दिवस ठेवला तर शेतात वजन वाढतं, पण वाटेत तो पिकू लागतो. केळी पिकताना इथिलीन वायू सोडते, आणि बंद डब्यात एक पिकू लागलेली फणी शेजारच्या दहा कॅरेटना पिकायला लावते. एक पिवळं बोट दिसलं की ते अख्खं कॅरेट बाजूला काढायचं. या बाबतीत मुकादमाला दयामाया नको.

फणी कापल्यावर चीक गळतो. तो सालीवर वाळला की काळा ओघळ दिसतो. तुरटीच्या पाण्यात फण्या बुडवून, निथळून मगच कॅरेटमध्ये ठेवाव्यात. ओल्या फण्या भरल्या तर वाटेत देठाला बुरशी धरते. कॅरेटच्या तळाला आणि दोन ओळींत फोमची किंवा कागदाची घडी हवी. फण्यांचे देठ खाली आणि बोटांचा बाक वर, म्हणजे एका फणीचं टोक दुसरीच्या पोटात घुसत नाही. कॅरेटच्या काठाच्या वर माल दिसता कामा नये. वरचं कॅरेट काठावर बसलं पाहिजे, केळीवर नाही. पन्नास रुपये वाचवायला शीग लावून भरलेलं कॅरेट हे या सगळ्या वाहतुकीतल्या डागांचं मोठं कारण आहे.

व्हॅन म्हणजे लोखंडी डबा. मे महिन्यात रावेर-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारी यार्डात उभ्या असलेल्या डब्याच्या आत हात टेकवत नाही. अशा डब्यात माल भरला की केळी स्वतःही श्वसनातून उष्णता सोडते, आणि दोन्ही मिळून आतला माल अक्षरशः उकडतो. गाडी धावत असते तोवर थोडी हवा खेळते, दुसऱ्या गाडीला वाट द्यायला बाजूच्या लूप लाइनला थांबली की थांबलं सगळं. म्हणून भरणी संध्याकाळी सुरू करून रात्रीत आटपावी. भरण्याआधी तासभर दोन्ही बाजूंची दारं उघडी ठेवून डबा निववावा, छपरावर पाणी मारता आलं तर उत्तमच. कॅरेट भिंतीला चिकटवू नयेत, हाताची चार बोटं जातील एवढी फट ठेवावी. मधोमध दारापासून दारापर्यंत अरुंद गल्ली सोडावी. या गल्लीमुळे थोडा माल कमी बसतो, पण मधल्या ढिगातली वाफ निघायला तीच एक वाट असते. कॅरेट पडू नयेत म्हणून गल्लीच्या दोन्ही कडांना दोर आडवा बांधावा. हा दोर विसरला, की वाटेत बसणाऱ्या हिसक्यांनी गल्ली कॅरेटनी भरून जाते.

थंडीत उलटं संकट. केळीला १३ अंशांखालचं तापमान सोसत नाही. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या पहाटेला पारा याच्या बराच खाली असतो. माल फलाटावर उघडा पडून राहिला तर साल करडी-मळकट होते आणि पिकवल्यावरही तिला पिवळी झळाळी येत नाही. आत गर गोड असतो, पण सालीच्या रंगावर विकलं जाणारं फळ आहे हे. त्या दिवसांत धुक्यानं गाड्याही उशिरा पोचतात, नेमक्या पहाटे. कॅरेटवर टाकायला ताडपत्री किंवा जुनी घोंगडी उतरवणाऱ्या गटाकडे तयार हवीत, आणि व्हॅनचं दार ट्रक शेजारी लागल्याशिवाय उघडू नये.

ट्रकशी तुलना

भुसावळ ते दिल्ली रेल्वेनं अकराशे किलोमीटरच्या आसपास पडतं. शेतमालासाठीची पहिली किसान रेल ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून बिहारच्या दानापूरला निघाली, तिनं १५१९ किलोमीटरला वेळापत्रकात पावणेबत्तीस तास घेतले होते, म्हणजे ताशी ४८ किलोमीटर. ही गाडी जळगाव आणि भुसावळलाही थांबायची. त्या वेगानं दिल्ली एका दिवसात गाठता येते. तोच माल साध्या मालगाडीच्या ताशी २५ च्या सरासरीनं गेला तर ४४ तास. एवढा फरक केवळ वेळापत्रकानं पडतो: ठरलेल्या वेळेची पार्सल गाडी पुढे काढतात, बाकीची वाट बघते. रेल्वेकडून केळीसाठी काही मागायचं असेल तर आधी ही ठरलेली वेळ मागावी, भाड्यातली सूट नंतर. दोन चालकांचा ट्रक दीड दिवसात पोचतो. एकच चालक असेल तर जास्त लागतो, आणि झोपेनं डोळे तारवटलेल्या माणसाच्या हातात २० टन माल असतो, हेही ध्यानात असू द्यावं.

ट्रकचं खरं बळ हाताळणीत आहे. बागेच्या बांधावर किंवा गावाच्या रस्त्यावर ट्रक लागतो, माल चढतो, थेट मंडीत उतरतो. चढ एक, उतार एक. रेल्वेत बांधावरून ट्रॅक्टर किंवा पिकअप, तिथून स्टेशन, स्टेशनवरून व्हॅन, दिल्लीच्या आदर्श नगर स्टेशनला व्हॅनमधून खाली, पुन्हा ट्रकमध्ये, पुन्हा आझादपूर मंडीत खाली. प्रत्येक टप्प्यावर हमाली आणि प्रत्येक टप्प्यावर एक आपट. केळीचा भाव किलोला २० रुपये असेल तर एक टक्का नासाडी म्हणजे क्विंटलमागे २० रुपये. रेल्वेनं नासाडी चार टक्क्यांनी वाढली तर क्विंटलमागे ८० रुपये गेले, आणि भाड्यातली बचत बहुधा तिथंच संपली. भाव जितका चढा, तितकी नासाडी महाग. त्यामुळे चढ्या भावात ट्रक, पडत्या भावात रेल्वे, असा कल ठेवण्यात शहाणपण आहे. पडत्या भावात मालाचा लोंढाही असतो, ट्रकवाले भाडं चढवतात आणि वीस व्हॅन भरायला अडचण येत नाही.

किसान रेलच्या दिवसांत हे गणित वेगळं होतं. ऑपरेशन ग्रीन्स योजनेतून फळं-भाजीपाल्याला भाड्यात ५० टक्के सवलत मिळायची. ती ३१ मार्च २०२२ ला संपली. त्या काळातला अनुभव सांगून आजही रेल्वेची शिफारस करणारे भेटतात, पण अर्ध्या भाड्यात परवडलेली गोष्ट पूर्ण भाड्यात परवडेलच असं नाही. हिशेब पूर्ण भाडं धरूनच करावा. सवलत मिळाली तर ती वरची.

थोडा माल, वेगळा माल

प्रवासी गाड्यांच्या सामानाच्या डब्यात पार्सलला जागा असते, चार टनांचे कप्पे असतात. त्यातले बरेच ठेकेदारांनी भाड्यानं घेतलेले असतात, त्यामुळे रेल्वेच्या खिडकीवर जागा नसली तरी ठेकेदाराकडे असू शकते, दर मात्र तो ठरवतो. दोन मिनिटांच्या थांब्यावर टनभर माल चढत नाही. लिंबू, शेवगा, पपई असा माल असेल तर मोठ्या थांब्याची गाडी निवडावी. प्रत्येक नगावर पाठवणाऱ्याचं नाव, जिथं जायचं त्या स्टेशनचं नाव आणि एकूण नगांपैकी कितवा, हे पक्क्या शाईनं लिहावं. कागदी चिठ्ठी वाटेत गळते.

नंदुरबारच्या मिरचीचा प्रश्न निराळा आहे. पथारीवर वाळलेली लाल मिरची हलकी आणि फुगीर. व्हॅन वजनानं भरायच्या आधीच आकारमानानं भरते, म्हणून पूर्ण व्हॅनचं भाडं मिरचीला जड जातं. दाबून बांधलेल्या पोत्यांशिवाय मिरचीनं रेल्वेच्या वाटेला जाऊ नये. आणि तिच्याशेजारी फळ ठेवू नये, वास धरतं.

धुळे-शिरपूरकडच्या शेतकऱ्यांना सध्या या आढाव्याचा उपयोग कमी. धुळ्याला चाळीसगावची शाखा आहे, एवढंच. ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे, तो धुळ्यावरून जाणार आहे. तो होईपर्यंत तिथली मालवाहतूक महामार्गावरच राहील.

मक्याचा रेक

मक्याला केळीसारखी घाई नसते, पण चुका महाग पडतात. रेक म्हणजे एकत्र जोडलेली अख्खी मालगाडी. आजचा मोठा बंद वॅगनचा रेक ५८ वॅगनचा असतो. वॅगनमागे ६४ टन धरले तर सुमारे ३७०० टन, म्हणजे ५० किलोची ७४ हजार पोती, म्हणजे २५ टनांचे दीडशे ट्रक. हे सगळं भरायला साधारण ९ तास मोफत मिळतात, त्यानंतर दर वॅगनमागे तासावारी विलंब आकार सुरू होतो. ९ तासांत एका वॅगनमध्ये १२८० पोती चढवायची, म्हणजे तासाला १४० च्या वर, आणि तेही ५८ वॅगनना एकाच वेळी. हमालांच्या टोळ्या कमी पडल्या की आकार चढतो. रेक पहाटे लागला तर माल गोदामातून यायला उशीर, रात्री लागला तर हमाल नाहीत. म्हणून रेक मागण्याआधी निम्मा माल तरी गुड्सशेडजवळ (स्टेशनावर माल चढवायच्या जागेजवळ) आलेला असावा, पण तो फार दिवस तिथं पडला तर जागेचं भाडं लागतं. एवढा माल जमत नसेल तर वीस वॅगनचा मिनी रेक मिळतो का ते विचारावं.

वॅगन आली की आत शिरावं, दार बाहेरून लोटून घ्यायला सांगावं आणि छपराकडे बघावं. कुठूनही उजेडाची तिरीप आली तर पाणीही तिथूनच येणार. ती वॅगन बदलून मागावी. बदलून मिळत नसेल तर तसा शेरा लेखी घ्यावा. तळाला आधीच्या मालाचा कचरा असतो, खताचा किंवा सिमेंटचा. झाडून घेतल्याशिवाय पोतं टाकू नये. मक्याची ओल १४ टक्क्यांच्या आत हवी. खरिपाचा मका ऑक्टोबरात घाईनं काढला की ओल १८-२० पर्यंत असते, वरून कोरडा वाटतो आणि बंद वॅगनमध्ये चार दिवसांत तापतो. मग बुरशी, मग अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष, मग पोल्ट्रीवाल्याचा नकार. दाराच्या फटीजवळ पोत्यांची थप्पी फूटभर आत ठेवावी. पावसाळ्यात भिजलेला माल बहुतेक वेळा दाराजवळचाच असतो.

या सेवेतली सगळ्यात खटकणारी गोष्ट मागणी नोंदवण्याच्या टप्प्यावरच आहे. वॅगनची मागणी ऑनलाइन नोंदवता येते, नोंदणी शुल्क भरावं लागतं, वॅगन आल्यावर आपण माघार घेतली तर ते जातं. आपल्याला भरायला उशीर झाला तर तासावर पैसे. पण रेक यायला आठ दिवस उशीर झाला तर त्याची भरपाई नाही. सरकारी धान्य, कोळसा, खत यांना प्राधान्य असतं, ते समजण्यासारखं आहे. पण ज्याचा मका उघड्यावर ताडपत्रीखाली पडलाय त्याला कुणी तारीखही सांगत नाही. शिक्षा एकाच बाजूला, हे काही न्यायाचं नाही.

जगात हे सगळीकडे असंच चालतं असं मानू नये. कॅनडाच्या प्रेअरी प्रदेशात, सस्कॅचेवान आणि अल्बर्टात, गहू, वाटाणा आणि मसूर पिकवणाऱ्यांची अडचण आपल्यासारखीच आहे: बंदर दीड हजार किलोमीटरांवर, आणि वाहून न्यायला सीएन आणि सीपीकेसी या दोनच मोठ्या रेल्वे कंपन्या. २०१३ मध्ये तिथं विक्रमी पीक आलं, मागोमाग कडक हिवाळा पडला आणि धान्य कोठारांत अडकून राहिलं. मार्च २०१४ मध्ये सरकारनं आदेश काढला की दोन्ही कंपन्यांनी आठवड्याला प्रत्येकी किमान पाच लाख टन धान्य हलवावं, नाहीतर दंड. धान्य वाहून कंपनीनं किती महसूल मिळवावा यावर तिथं २००० सालापासून मर्यादा आहे. जास्त मिळवला तर ती रक्कम दंडासह शेती संशोधनाच्या निधीत जाते. आणि २०१८ च्या कायद्यानं माल पाठवणाऱ्याला करारात परस्पर दंड मागण्याचा हक्क दिला, म्हणजे डबे उशिरा आले तर रेल्वेही पैसे देणार. तिथले शेतकरी यावरही समाधानी नाहीत. २२ ऑगस्ट २०२४ ला कामगार वादातून दोन्ही कंपन्यांच्या गाड्या एकाच दिवशी बंद पडल्या तेव्हा पर्याय नसणं म्हणजे काय ते पुन्हा दिसलं. पण निदान जबाबदारी दोन्ही बाजूंना आहे.

आणि हे दूरचं प्रकरण समजू नये. जळगावच्या डाळ मिल देशी तुरीबरोबर आयात केलेला मसूर आणि पिवळा वाटाणाही भरडतात, आणि त्यातला मोठा वाटा कॅनडाचा असतो. तिकडे व्हँकुव्हरला माल पोचायला उशीर झाला की जहाज चुकतं आणि इथं मिलचा पट्टा थांबतो. कच्चा माल उशिरा आला की मिलवाला आपल्या बाजार समितीतला हरभरा आणि तूर जास्त भावानं उचलतो, आणि अडकलेली जहाजं एकदम आली की भाव पडतो. म्हणून हरभरा विकायला काढण्याआधी बंदरावरच्या आवकेची चौकशी मिलवाल्याकडे करावी, तो सांगतो.

मार्गाची क्षमता

भुसावळ-खंडवा हा केळीचा मार्ग, आणि उत्तरेकडच्या बऱ्याच गाड्यांचाही. त्यावर प्रवासी गाड्यांची एवढी दाटी आहे की बिगर-वेळापत्रकाची पार्सल गाडी लूपवर उभी राहणारच. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं या १३१ किलोमीटरवर तिसरी आणि चौथी मार्गिका आणि जळगाव-मनमाड चौथी मार्गिका मंजूर केली. केळी बागायतदारांसाठी याहून महत्त्वाचं रेल्वेचं काम सध्या दुसरं नाही. पण नवी मार्गिका टाकताना स्टेशनांतल्या यार्डांची फेररचना होते. रावेर, निंभोरा, सावद्याला व्हॅन लावायची लांब बाजूमार्गिका, तिच्याकडेचा उंच फलाट आणि वर छप्पर, हे आराखड्यातच आलं नाही तर रूळ दुप्पट होऊनही घड उन्हातच चढतील. मागणी करायची वेळ आराखड्याची असते, उद्घाटनाची नाही. सोसायट्यांनी, बाजार समित्यांनी आणि आमदार-खासदारांनी आत्ताच मागे लागलं पाहिजे. सुरत-जळगाव मार्ग दुहेरी झाल्यामुळे अमळनेर, धरणगाव, दोंडाईचा, नंदुरबारकडच्या मालाला गुजरातची वाट मोकळी आहे. तिथं अडचण मार्गाची कमी आणि माल एकत्र करण्याची जास्त.

नुकसान झालं तर

भरपाईसाठी रेल्वे अधिनियम १९८९ लागू होतो आणि त्यातल्या तीन गोष्टी माल भरण्याआधीच माहीत असाव्यात. मालकाच्या जोखमीच्या दरानं माल पाठवला असेल तर रेल्वेचा निष्काळजीपणा आपल्याला सिद्ध करावा लागतो. दर स्वस्त असतो तो याचसाठी. गाडी उशिरा आली म्हणून माल नासला, तर उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणानं झाला हे दाखवून रेल्वे मोकळी होऊ शकते. आणि नाशवंत मालाची जबाबदारी वाहतूक संपली की संपते. इतर माल पोचल्यावर सात दिवस रेल्वेच्या सांभाळात धरला जातो, केळीला ती सवलत नाही. फलाटावर ठेवलेली केळी उकडली तर तो आपला तोटा.

त्यामुळे सगळा पुरावा दार उघडतानाच घ्यावा. खूपसायचा थर्मामीटर दीड-दोनशे रुपयांना मिळतो. दार उघडल्याबरोबर वरच्या, मधल्या आणि तळाच्या कॅरेटमधल्या प्रत्येकी एका केळीच्या गरात तो घालून आकडा लिहावा. व्हॅन क्रमांक दिसेल असा, वेळेसकट फोटो काढावा. नग मोजून कमी भरले किंवा कॅरेट फुटलेली दिसली तर उघडून ताबा घेण्याची लेखी मागणी करावी, रेल्वेच्या कर्मचाऱ्यासमोर मोजणी व्हावी आणि डिलिव्हरी बुकात शेरा लिहूनच सही करावी. 'ठीक मिळाला' अशी सही झाल्यावर काही उरत नाही. चेंबरमध्ये नंतर दिसणाऱ्या डागांसाठी ही गराची तापमानं हा महत्त्वाचा धागा असतो, डाग दाबाचा की उष्णतेचा हे त्यावरून आणि फळ बघून सांगता येतं: दाबाचा डाग एका जागी आणि खोल, उष्णतेनं बिघडलेलं फळ सगळीकडून मऊ आणि साल मात्र हिरवट.

भरपाईची लेखी सूचना रेल्वेला सहा महिन्यांत पोचली पाहिजे. तीत रेल्वे पावतीचा क्रमांक, व्हॅन क्रमांक, नग, मालाची किंमत आणि किमतीचा आधार म्हणून त्या दिवशीचं बाजार समितीचं भावपत्रक जोडावं. रेल्वेनं दावा नाकारला तर रेल्वे दावे न्यायाधिकरणात जाता येतं. सहा महिने मोजायला सुरुवात होते माल रेल्वेच्या ताब्यात दिला त्या दिवसापासून, तो दिल्लीला उतरला त्या दिवसापासून नाही.